सो-कॉल्ड

देवगडच्या एसटी स्टँडमागे माझं दुकान.
झेरॉक्स, टायपिंग, इंग्रजी पत्रांची उत्तरं.
दुपारी तारामुंबरीहून भागू तारी आली,
एका हातात विमा कंपनीचं पत्र,
दुसऱ्या हातात होडीचं सुकाणू.
ते तिने मशीनला टेकवून ठेवलं,
पाहुण्याला बसवावं तसं.

"वाच, मास्तर."

मी मास्तर नाही. बी.ए.ला दोनदा बसलो, दोनदा उठलो.
पण गावाने एकदा म्हटलं की म्हटलं.

पत्र एक पानाचं. त्यात होडी पाच वेळा आली होती
आणि पाचही वेळा तिच्या आधी
एकच शब्द, दोन तुकड्यांचा,
मध्ये बारीक रेघ मारून जोडलेला:
सो-कॉल्ड होडी.

कारण खाली होतं. नोंदणीची मुदत चैत्रात संपली,
होडी भाद्रपदात खडकावर फुटली.
मधले पाच महिने ती वाळूत होती, पाण्यात होती,
भागूच्या तिन्ही पोरांच्या ताटात होती,
फक्त कागदावर नव्हती.

"ह्यो सो-कॉल्ड म्हणजे काय?"

मी शब्दाची गाठ सोडवून दाखवली.
सो म्हणजे तसं. कॉल्ड म्हणजे म्हटलेलं.
जिला तसं म्हणतात, ती.

भागूचा चेहरा मोकळा झाला.
"मगे बरोबर लिवल्यानी.
आमी तिका होडीच म्हणतव.
दुसरां काय म्हणतले?"

इथे थांबता आलं असतं मला.
शब्दाचा अर्थ मी खोटा सांगितला नव्हता.
पण पत्राला उत्तर द्यायचं होतं.

म्हटलं, भागूबाय, हा शब्द लिलावातल्या दलालासारखा आहे.
तो सुरमई हातात धरतो, उलटीपालटी करतो
आणि एवढंच विचारतो: सुरमईच ना ही?
नाही म्हणत नाही.
तेवढ्यानेच भाव पडतो.

ती बराच वेळ सुकाणूकडे बघत राहिली.
"म्हणजे, म्हणतत, पण नाय."
हो.
"नाय कोण म्हणता?"
कोणीच नाही. तीच तर त्याची चलाखी.

"आमच्यात पण आसा तो," ती म्हणाली.
"जावेन माझ्या पाटल्यांका म्हटल्यान,
सोन्याच्यो, म्हणे!
पण तोंडार म्हटल्यान.
माका उलटा बोलाक गावला."

हे मला कुठल्याही डिक्शनरीत मिळालं नव्हतं.
आपला 'म्हणे' मागून येतो.
आधी वस्तूला घरात घेतो, पाट देतो,
मग पाठीमागे भुवई उडवतो.
त्यांचा सो-कॉल्ड दारातच उभा,
आत कोण येतंय ते बघायच्या आधीच
हात आडवा.

माझ्या पाटीवर लिहिलंय: भाषांतर तज्ज्ञ.
पेंटरने सुचवलं होतं, मी नको म्हटलं नव्हतं.

"आता लिव," ती म्हणाली.
मी म्हटलं, आपणही लिहूया, तुमची सो-कॉल्ड कंपनी.
मला हसू आलं. तिला नाही.
"नको. कंपनी आसा. हप्तो घेतल्यानी, तेवा होती ती.
तू होडी लिव.
फुडे काय नको, मागे काय नको.
होडी."

मी टाईप केलं.
कॉम्प्युटरने त्याखाली लाल रेघ ओढली,
त्याच्या मते तिथे काहीतरी राहिलं होतं.
मी तसंच छापलं.

प्रिंटचे दहा रुपये झाले, तिने वीसची नोट दिली,
सुटे नव्हते, म्हणाली, उद्या देशील.
सुकाणू खांद्यावर घेऊन ती पायऱ्या उतरली.

संध्याकाळी केर काढताना मशीनखाली
सुकाणूवरून सुटलेले चार-पाच शिंपले निघाले,
खरखरीत, पांढरे, बोटाला लागणारे.
सुपलीत घेतले. टाकले नाहीत.
उत्तर अजून आलेलं नाही.
दहा रुपये द्यायचे आहेत.